मालनबाईचं गाळपेर

बहात्तरच्या दुष्काळात कारेगव्हाणच्या माळाखाली पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा मालनबाईच्या डोक्यावरची चुंबळ दिवसभर उतरत नसे. खड्ड्यातली माती टोपल्यात भरायची, चढ चढून भरावावर टाकायची आणि रिकामं टोपलं हलवत पुन्हा खाली यायचं. लहानगी पद्मी बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेली असायची. दुपारी कामावर गोडसर, भुगाभुगा सुकडी मिळायची. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती घशाखाली उतरता उतरत नसे. पण दिवस तसेच होते. बौद्धवाड्यातल्या झाडून साऱ्या बाया त्या कामावर होत्या, वरच्या आळीतल्याही होत्या, आणि मेंढरांना चारा उरला नाही म्हणून धनगराच्या बायाही टोपलं घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

पुढच्या साली तलाव भरला. गाव म्हणालं, सुटलो.

मालनबाईलाही तसंच वाटलं. तिचा नवरा सोनाजी ज्ञानबा मालकाकडं सालगडी होता. ज्ञानबा मालकाची काळी जमीन गावात सगळ्यात मोठी, आणि माणूसही मेहनती. पहाटे स्वतः गोठ्यात हजर. त्यानं दुष्काळानंतर सगळ्या रानात हायब्रीड ज्वारी घातली. बुटकी ताटं आणि मुठीएवढं भरगच्च कणीस! पोत्यांची थप्पी आढ्याला लागली. सोनाजीच्या घरी वाट्याची ज्वारी आली तेव्हा मालनबाईनं कणगी भरून घेतली आणि वरून हात फिरवला. आता लेकरं उपाशी झोपायची नाहीत, असं तिच्या मनानं घेतलं.

पण पहिल्यासारखं रान राहिलं नव्हतं. आधी ज्वारीत तुरीचं तास असे, मधी मूग-उडीद असे, बांधाच्या कडेला आंबाडी, भेंडी, वाळकं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी परतताना ओटीत काहीबाही घेऊन यायची. कधी तरोट्याचा कोवळा पाला, कधी तांदुळजा, कधी पाथरी. तिला कोणी हटकत नसे. हायब्रीड आलं तसं तासातलं सगळं गेलं. शेतात एकच पीक, आणि त्यावर पांढरी पावडर मारलेली. ज्ञानबा मालकानं बायांना बजावून सांगितलं, "रानातला पाला तोडू नका. औषध मारलंय. उद्या काही झालं तर माझ्या डोक्यावर."

त्याचं चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून बौद्धवाड्यातल्या ताटात भाकरी राहिली आणि भाकरीच्या शेजारची जागा रिकामी झाली. तिखट, मीठ, फार तर कांदा. सणावाराला वरण. लेकरं भाकरी पाण्यात कुस्करून खायची आणि पोट गच्च झालं म्हणून हसायची. मालनबाईला ते पोट भरल्यासारखं दिसे, म्हणून तीही हसे.

शहात्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. झोळीतली पद्मी आता पाच वर्षांची झाली होती. दिवस बुडाला होता, पण आभाळात उजेड होता. मालनबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"पद्मे, कोंबड्या झाक गं."

पद्मी उठली, अंगणात गेली आणि मधोमध उभीच राहिली. दोन्ही हात पुढं करून, समोर भिंत असल्यासारखी. मग एक पाऊल टाकलं आणि पाण्याच्या घागरीवर जाऊन धडकली.

"काहून गं, दिसत न्हाई का?"

"माय, तू अजून दिवाच लावला न्हाई."

मालनबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिनं वर बघितलं. आंब्यावर बसलेला एकेक कावळा तिला मोजता आला असता, एवढा उजेड होता. तिनं पद्मीला जवळ ओढलं, तोंडासमोर हात हलवला. पोरीचे डोळे हललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सांजेच्या वक्ताला ती वाड्यातल्या घराघरातून फिरली. कमलबाईचा पोरगा दिवस कलला की घराबाहेर पाऊल टाकीत नव्हता; कमलबाईला वाटायचं, पोरगं भितरं आहे. सखुबाईची नात भिंत धरून चालायची; तिला सगळे वेंधळी म्हणायचे. प्रत्येक आईनं आपल्या लेकराला काही ना काही नाव ठेवलं होतं, आणि दुखणं एकच होतं.

आठवडी फेरीला सायकलवर नर्सबाई यायची. बाहेरगावची, पण मनापासून काम करणारी. तिनं लेकरांचे डोळे बघितले, जिभेवर औषध सोडलं आणि चुलीपाशी बसून मालनबाईच्या घरची भाकरी-चटणीही बघितली.

"रातांधळं आहे हे. मालनबाई, औषध मी देते, पण नुसत्या औषधावर लेकरू वाढत नाही. रोज पाला पोटात गेला पाहिजे. मेथी, चाकवत, शेवगा. गाजर, लाल भोपळा. वर तेलाचा थेंब. नाहीतर हे पुन्हा येईल, आणि पुढं डोळाच जाईल."

"बाई, रोजचा पाला आनू कुठून? रानात पावडर हाय. बाजारातनं रोज आनायची आमची ऐपत न्हाई."

नर्सबाईनं औषधाची बाटली पिशवीत ठेवली. मग खरं तेच बोलली, "ते मात्र माझ्या पिशवीत नाही गं."

मालनबाई चार-सहा दिवस नुसती विचारात होती. सोनाजीनं विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई." ज्या बाईनं तलावाच्या भरावावर डोंगराएवढी माती टाकली, तिला आपल्या लेकराच्या ताटात पसाभर पाला टाकता येईना, हे तिला गिळवत नव्हतं.

आणि मग एका सकाळी ती तलावावर धुणं धुवायला गेली. पाणी आटत आटत आत सरकलं होतं. जिथं परवा पाणी होतं तिथं काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडला होता. गाळावर कुणी न पेरता घोळ आणि चिवळ उगवली होती, लाल देठांची, गुबगुबीत पानांची. मालनबाईनं धुणं तसंच ठेवलं आणि पदर भरून भाजी खुडली. त्या दिवशी लसणाची फोडणी दिलेल्या घोळीच्या भाजीनं घर दरवळलं. पद्मीनं ताट बोटानं पुसून घेतलं.

पण मालनबाईच्या डोळ्यासमोर भाजी नव्हती, जमीन होती. पाणी जसं मागं हटेल तशी रोज नवी जमीन. वरून पाणी द्यायची गरज नाही. खाली ओल मायंदळ. गावाच्या सगळ्या माळावरची सुपीक माती वाहून तिथं येऊन बसली होती.

तिनं कमलबाईला, सखुबाईला आणि म्हाताऱ्या भागाबाईला बोलावून आणलं आणि भरावावर उभं केलं.

"हे बगा. हे सगळं रिकामं पडलंय."

"सरकारचं हाय ते," कमलबाई म्हणाली.

"सरकारनं टोपलं वाहिलं का आपन?"

भागाबाई हसली. तिचे दात गेले होते, पण हसणं दणदणीत होतं. ती घरी गेली आणि गाडगं घेऊन आली. राखेत घोळून ठेवलेलं लाल भोपळ्याचं, वालाचं, चाकवताचं बी. दुष्काळात पोटाला चिमटा बसला तरी म्हातारीनं ते खाल्लं नव्हतं. सखुबाईनं जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून मेथी आणि गाजराचं बी आणलं. काठीनं रेघा मारून वाफे पाडले. पाणी मागं सरकेल तसं बाया पुढं सरकत गेल्या.

आठ-दहा दिवसांत मेथी वर आली. आणि एका दुपारी ती सगळी मेंढरांनी खाऊन टाकली.

मालनबाई पोहोचली तेव्हा कळप वाफ्यातच होता. मेंढरं राखणारी अनुसयाबाई काठी टेकून उभी होती, धिप्पाड, कपाळावर मोठं गोंदण.

"ओ बाई! तुझ्या मेंढरानं आमच्या लेकरायच्या तोंडातला घास खाल्ला!"

"मला काय ठावं? तळ्याच्या गाळात कोन पेरतं? दरसाल मी इथंच चारते. कोनाचं हाय हे?"

"आमचं."

"आमचं म्हंजी?"

"टोपलं आमी वाहिलं, म्हून आमचं!"

अनुसयाबाईनं काठी जमिनीवर आपटली. "टोपलं तर मीबी वाहिलं! त्या कोपऱ्यातला खड्डा माझ्या हातचा हाय. माझं पोट सहा महिन्याचं होतं तवा."

मालनबाईचा राग जागच्या जागी थांबला. तिला ते पोट आठवलं. भर उन्हात एका हातानं पोट धरून चढ चढणारी बाई आठवली.

"मग तुझंबी हाय," मालनबाई म्हणाली. "ये. वाफा घे."

अनुसयाबाईला वाटलं चेष्टा आहे. पण मालनबाईनं तिच्या हातात बी ठेवलं. त्या दिवसापासून चित्र पालटलं. अनुसयाबाईनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वरच्या कोरड्या पट्टीवर मेंढरं बसवून लेंडीखत केलं आणि कमलबाईच्या अशक्त पोरासाठी शेळीचं दूध धाडायला सुरुवात केली. एवढं होऊनही ती बौद्धवाड्यातलं पाणी पीत नव्हती. आपला तांब्या वेगळा आणायची. मालनबाई ते बघायची.

पौष लागला आणि तलावाच्या पोटात हिरवंगार झालं. मेथी, चाकवत, करडईची भाजी, गाजराचे तुरे, काठावर पसरलेले भोपळ्याचे वेल. वाड्यातल्या चुलींना वास यायला लागला. लेकरं शाळेतून आली की आधी तळ्यात पळायची, गाजर उपटून चड्डीला पुसायची आणि कराकरा खायची.

हे सगळं ज्ञानबा मालकाच्या नजरेत भरलं. तलावाच्या काठाला त्याचा बांध लागून होता. अशी ओल असताना तिथं गहू का घेऊ नये? त्यानं कुणाला विचारलं नाही. सकाळी गोठ्यात सोनाजीला सांगितलं, "आज बैलं तळ्यात घाल. बांधापासून पाण्यापर्यंत नांगरून काढ."

सोनाजी चार शब्दांचा माणूस. साल ठरवताना मान हलवायची आणि वर्षभर राबायचं, एवढंच त्याला माहीत. त्यानं बैल जुंपले.

तळ्यावर धुकं होतं. बाया भाजी खुडत होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि मालनबाई उठून उभी राहिली. धुक्यातून आधी बैलांची शिंगं दिसली, मग सोनाजी.

"काहून आले इकडं?"

"मालकानं सांगितलं. नांगरायचं हाय."

बाकीच्या बाया जमा झाल्या. अनुसयाबाई काठी घेऊन पुढं आली, तिला मालनबाईनं हातानं थांबवलं. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"पद्मीचे बाप, काल रातच्याला चाकवत खाल्ला, तो ह्या वाफ्यातला. नांगर घालायचा असंल तर घाला. पर सुरुवात इथून करा, माझ्या पायापासून."

सोनाजी कासऱ्याकडं बघत राहिला. बैलांनी मान खाली घालून मेथीला तोंड लावलं, तेव्हा त्यानं नकळत कासरा ओढला आणि त्यांना मागं घेतलं. जन्मभर ज्या हातांनी हुकूम पाळला, ते हात आज त्याच्या आधीच ठरवून बसले होते. त्यानं बैल वळवले.

मालनबाई काही विचारणार, तोवर तो धुक्यात दिसेनासा झाला. पुढचं तिला लोकांकडून कळलं. सोनाजीनं बैल मालकाच्या गोठ्यात बांधले, पाणी पाजलं, पुढ्यात कडबा टाकला. मालक ओट्यावर दात घाशीत होता.

"एवढ्यात झालं?"

"न्हाई मालक. बैलं बांधली, पानी पाजलं. मी चाललो."

"कुठं?"

"घरी."

साल अर्ध्यावर सोडणारा माणूस त्या गावानं तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशी दुपारी सोनाजी तळ्यात आला, धोतर खोचलं आणि गाजराच्या वाफ्यात निंदायला बसला. मालनबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघं बराच वेळ तण काढत राहिले. "उद्यापासून रस्त्याच्या कामावर जाईन," एवढंच तो म्हणाला. तिला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस आज पहिल्यांदा आपल्याशी मनातलं बोलला.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. उद्या मालक दुसरा गडी पाठवील. बाजाराच्या दिवशी सगळ्या बाया लेकरांसकट कळमनुरीला निघाल्या, डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन. तहसील कचेरीच्या दारात शिपायानं अडवलं. साहेब कामात आहेत, नंतर या.

"नंतर कशाला? आमी बसतो," मालनबाई म्हणाली.

बाया लिंबाखाली बसल्या. दुपार झाली तशी भाकरी सोडल्या, लेकरांच्या हातात गाजरं दिली. कचेरीच्या आवारात गाजरं खाण्याचा असा आवाज उठला की तहसीलदार खुर्ची सोडून बाहेर आले.

"काय चाललंय हे?"

मालनबाई उठली. तिचा आवाज साफ निघाला. "सायेब, आमी कारेगव्हाणच्या. दुस्काळात तळं आमी खोदलं. आता पानी आटलं की गाळात भाजी घेतो. आमची लेकरं सांजच्याला आंधळी होऊन राहिली होती, म्हून. तिथं आता नांगर येऊन राहिलाय. तुमी एकदा डोळ्यानं बगा. बगून मग काय ते सांगा."

तहसीलदारांनी लेकरांकडं बघितलं, पाट्यांकडं बघितलं. "येतो," म्हणाले.

अशी येतो म्हणणारी माणसं बायांनी पुष्कळ पाहिली होती. पण हा गृहस्थ खरंच आला. जीप भरावावर थांबली, अख्खा गाव गोळा झाला. ज्ञानबा मालक स्वच्छ धोतर, फेटा घालून पुढं आला.

"सायेब, बाया काय करतात इथं, पसाभर भाजी. मी गहू घेतो. पोत्यानं पिकवीन. देशाला धान्य पाहिजे का न्हाई?"

तहसीलदार वाफ्यावाफ्यातून चालले. मेथीचं पान तोडून तोंडात टाकलं. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ज्ञानबाराव, धान्य तर पाहिजेच. ते तुमच्या रानात घ्या. तलावाच्या पोटातली जमीन सरकारची. पाणी आटल्यावरच्या गाळपेराला पहिला हक्क भूमिहीनांचा. या बायांना मी ही जमीन हंगामापुरती लावून देतो. पुढच्या साली पुन्हा यांनाच विचारायचं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग भागाबाईनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की पाण्यावरचे बगळे उडाले. बाया एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. अनुसयाबाईनं मालनबाईला लहान पोरीसारखं उचललं. ज्ञानबा मालक फेटा सावरत बांधावरून निघून गेला. त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

चैत्रात तळ्यातून वाळकं, काकड्या निघाल्या आणि भोपळे तर उचलायला दोघी लागायच्या. चौदा एप्रिलला भीमजयंती. दरसाल वाड्यात गोडाचं काहीतरी करायचे. त्या साली ठरलं, तळ्यातल्या भाजीचं जेवण घालायचं, सगळ्या गावाला. भोपळ्याची भाजी मोठ्या डेगीत शिजली. मेथी घातलेलं वरण, वाळकाची कोशिंबीर, ज्वारीच्या भाकरींची चळत. वरच्या आळीतून थोडी माणसं आली, बरीच आली नाहीत. मेंढरं कोंडून अनुसयाबाई आली. दारात थबकली, मग पंगतीत जाऊन बसली. सखुबाईनं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मालनबाई डेगीपाशी उभी राहून बघत होती. अनुसयाबाईनं पेला उचलला, गटागटा प्याली आणि पुन्हा पुढं केला. "अजून दे गं. ऊन काय कमी हाय?"

जेवणं लांबली. दिवस बुडाला, बत्ती पेटवायची राहून गेली होती. आणि त्या करड्या उजेडात पद्मी भाकरीचं टोपलं कडेवर घेऊन पंगतीतून चालली होती. पत्रावळींच्या मधून, माणसांच्या गुडघ्यांना वळसा घालून, पाण्याच्या पेल्यांवरून अलगद पाय उचलत. तिकडून कोपऱ्यातून ती ओरडली, "मावशी, तुमच्या पानातली भाजी सरली! थांबा, आनते!"

मालनबाईच्या हातातून पळी डेगीत पडली. सोनाजीनंही ऐकलं होतं. त्यानं बत्ती पेटवायला घेतली होती, ती तशीच खाली ठेवली आणि पोरीकडं बघत उभा राहिला. मालनबाई मोठ्यानं हसली, एवढ्या मोठ्यानं की पंगत वळून बघायला लागली.

पुढच्या सालापासून गाळपेर कारेगव्हाणचा रिवाजच झाला. नर्सबाई आली की आधी तळ्यावर चक्कर मारायची. सोनाजी रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागला आणि सांजेला वाफ्यात. ज्ञानबा मालकाची बायको एकदा मागच्या वाटेनं आली, सून गरोदर आहे, करडईची भाजी खावीशी वाटते म्हणाली. मालनबाईनं तिची ओटी काठोकाठ भरली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुष्काळानं गावोगावी तलाव दिले होते आणि प्रत्येक तलावाच्या पोटात गाळ होता. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात औंढ्याकडच्या एका तांड्यावरून जमनाबाई नावाची बाई भावाची, प्रेमसिंगची, बैलगाडी घेऊन आली. म्हणाली, "आमच्याकडं तळं हाय, बाया हायेत. दाखवनारं कुनी न्हाई."

मालनबाईनं नवं लुगडं नेसलं आणि गाडीत पुढं बसली. तिथं भरावावर बाया जमून उभ्या होत्या, काचेचे आरसे लावलेले घागरे, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोये, आणि डोळ्यांत शंका. कुणी पुढं होईना. मालनबाईनं पायातल्या वहाणा काढून ठेवल्या, लुगड्याचा काठ वर खोचला आणि उतारावरून खाली गेली. गाळ थंड होता. पाय घोट्यापर्यंत रुतला. तिनं मागं वळून हात केला.

"या की गं! वरून बगून काय कळतंय? पाय घाला, मंग कळंल."

जमनाबाई आधी उतरली. मग हसत-खिदळत, एकमेकींचे हात धरून, बाकीच्या साऱ्या.